घर एका राज्यात, मूल्यांकक दुसऱ्या राज्यात

अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे एकमेकांना खेटून वसली आहेत. एक मिसुरी राज्यात, दुसरे कॅन्सस राज्यात. या महानगरातून जाणाऱ्या स्टेट लाइन रोडच्या पूर्वेकडील घर मिसुरीत मोडते आणि रस्त्यापलीकडचे, समोरासमोरचे घर कॅन्ससमध्ये. तेथे राहणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडताना काहीही जाणवत नाही. मात्र गृहकर्जासाठी त्या घराची किंमत ठरविणाऱ्या मूल्यांककाच्या दृष्टीने हा रस्ता म्हणजे सरहद्दच आहे. पूर्वेकडील घराचे मूल्यांकन करण्यासाठी त्याच्याजवळ मिसुरीचा परवाना हवा, पश्चिमेकडील घरासाठी कॅन्ससचा. त्याचे कार्यालय कोणत्या बाजूला आहे, याला कायद्याच्या लेखी महत्त्व नाही. मालमत्ता जेथे उभी आहे, तेथील राज्याचा अधिकार चालतो.

आपल्याकडे ज्याला 'बँकेचा व्हॅल्युअर' म्हटले जाते, त्याच स्वरूपाचे काम अमेरिकेतील 'अप्रेझर' करतो. घर, दुकान, गोदाम किंवा शेतजमीन यांची बाजारातील किंमत किती, याचा स्वतंत्र आणि निःपक्षपाती अंदाज तो लेखी अहवालाद्वारे देतो. या अहवालावर बँकेचे कर्ज उभे राहते. अहवाल चुकला तर कर्जदार नको तितके कर्ज डोक्यावर घेतो वा बँक बुडीत मालावर पैसे लावते. अहवाल योग्य असूनही त्यावर सही करणाऱ्याचा परवाना त्या राज्यात वैध नसेल, तर संघीय नियमांखाली येणाऱ्या कर्जासाठी बँकेला तो वापरता येत नाही. मग नव्याने मूल्यांकन करावे लागते. दरम्यान ठरलेल्या व्याजदराची मुदत संपू शकते आणि खरेदीची तारीखही हुकते. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात स्थिरावलेल्या, नोकरीनिमित्त उद्या टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबालाही या व्यवस्थेशी गाठ पडल्यावाचून राहत नाही.

बुडालेल्या संस्थांची देणगी

ही परवाना पद्धत फार जुनी नाही. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मूल्यांकक होण्यासाठी सरकारी परवान्याची गरज नव्हती. व्यावसायिक संघटना आपापल्या सभासदांना परीक्षा घेऊन पदव्या देत. त्यांना बाजारात मान होता, पण त्या घेणे सक्तीचे नव्हते. याच काळात तेथील 'सेव्हिंग्ज अँड लोन' प्रकारच्या, मुख्यत्वे गृहकर्जे देणाऱ्या बचतसंस्था कोसळू लागल्या. १९८६ ते १९९५ या काळात अशा १,०४३ संस्था बुडाल्या आणि करदात्यांवर पडलेला भार सुमारे १२४ अब्ज डॉलरच्या घरात गेला. जॉर्जियाचे लोकप्रतिनिधी डग बर्नार्ड यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या उपसमितीने या प्रकरणाचा तपास केला. सदोष आणि फुगविलेल्या मूल्यांकनांचा या पडझडीत मोठा हात असल्याचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्टपणे मांडण्यात आले. ज्याला कर्ज हवे त्याला हवी ती किंमत लिहून देणारा माणूस सहज मिळत होता, असा त्याचा सारांश.

त्यातूनच ९ ऑगस्ट १९८९ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या सहीने वित्तसंस्थांच्या फेररचनेचा कायदा अस्तित्वात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'फिरिया' या नावाने ओळखला जातो. त्याचे अकरावे प्रकरण संपूर्णपणे मालमत्ता मूल्यांकनाला वाहिलेले आहे. संघीय नियामकांच्या देखरेखीखालील वित्तसंस्थांच्या व्यवहारांत राज्याचा परवाना किंवा प्रमाणपत्र असलेल्याच व्यक्तीने मूल्यांकन करावे, हा त्याचा गाभा. राज्यांना तयारीसाठी दिलेली मुदत नंतर वाढविण्यात आली आणि १९९३ च्या आरंभापासून ही सक्ती पूर्णपणे लागू झाली.

येथे अमेरिकी संघराज्याची नेहमीची तऱ्हा दिसते. डॉक्टर, वकील, न्हावी किंवा अभियंता यांना परवाना देण्याचा अधिकार परंपरेने राज्यांचा. वॉशिंग्टनने तो काढून घेतला नाही. परवाने राज्यांनीच द्यावेत, पण किमान पात्रता एकसारखी असावी आणि राज्ये ती पाळतात की नाही यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा केंद्रात असावी, अशी तडजोड करण्यात आली. पात्रतेचे निकष आणि कामाची मानके ठरविण्याचे काम १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'अप्रेझल फाउंडेशन' या ना-नफा संस्थेच्या दोन मंडळांकडे आहे. सरकार स्वतः नियम लिहीत नाही, तर एका खासगी संस्थेने लिहिलेल्या नियमांना कायद्याचे बळ देते. ही रचना विचित्र वाटण्याजोगी आहे आणि तिच्यावर टीकाही होत आली आहे. राज्यांवर देखरेख ठेवणारी 'अप्रेझल सबकमिटी' मात्र सरकारी आहे. फेडरल रिझर्व्हसह बँका, पतसंस्था, गृहनिर्माण आणि ग्राहक संरक्षण यांच्याशी संबंधित सात संघीय यंत्रणांचे प्रतिनिधी तिच्यावर असतात.

परवान्याच्या पायऱ्या

परवान्यांच्या चार पायऱ्या आहेत. पहिली उमेदवाराची, त्याने अनुभवी मूल्यांककाच्या देखरेखीखाली काम शिकायचे. दुसरी परवानाधारक निवासी मूल्यांककाची. त्याला चार घरांपर्यंतच्या साध्या निवासी मालमत्तांचे, व्यवहाराची रक्कम दहा लाख डॉलरपेक्षा कमी असल्यास मूल्यांकन करता येते. मालमत्ता गुंतागुंतीची असेल तर ही मर्यादा चार लाख डॉलरवर येते. तिसऱ्या पायरीवरील प्रमाणित निवासी मूल्यांककाला रकमेचे बंधन नाही, पण मालमत्ता निवासीच हवी. चौथा प्रमाणित सर्वसाधारण मूल्यांकक कार्यालयापासून कारखान्यापर्यंत कशाचीही किंमत ठरवू शकतो. १ मे २०१८ पासून अनुभवाच्या अटी काहीशा सैल करण्यात आल्या. दुसऱ्या पायरीसाठी किमान १,००० तास, तिसरीसाठी १,५०० आणि चौथीसाठी ३,००० तास काम केलेले असावे लागते. या ३,००० पैकी निम्मे अनिवासी मालमत्तांचे असले पाहिजे. पुढे २०२१ पासून प्रत्यक्ष देखरेखीऐवजी संगणकावरील प्रशिक्षणातून हा अनुभव मिळविण्याचा पर्याय खुला झाला. तो काही राज्यांनी लवकर स्वीकारला, काहींनी उशिरा.

ही किमान मर्यादा आहे. एखाद्या राज्याला तीपेक्षा कडक अट घालण्याची मुभा आहे आणि सीमा ओलांडणाऱ्याच्या अडचणी नेमक्या तेथूनच सुरू होतात.

दोन दरवाजे

मुंबईत काढलेल्या वाहनपरवान्यावर कोलकात्यात गाडी चालविता येते. मूल्यांककाच्या परवान्याचे अमेरिकेत तसे नाही. अनेक राज्यांनी मिळून केलेल्या करारामुळे तेथील परिचारिकांना एकाच परवान्यावर त्या सर्व राज्यांत काम करता येते. मूल्यांककांसाठी असा एकच परवाना नाही. परराज्यात काम करायचे तर कायद्याने दोन दरवाजे ठेवले आहेत. पहिला तात्पुरत्या परवान्याचा, दुसरा परस्पर मान्यतेचा.

तात्पुरत्या परवान्याची तरतूद १९८९ च्या मूळ कायद्यातच आहे. मालमत्ता संघीय नियमनाखालील व्यवहाराचा भाग असेल, मूल्यांककाचे त्या राज्यातील काम तात्पुरत्या स्वरूपाचे असेल आणि त्याने तेथील परवाना मंडळाकडे नोंदणी केली असेल, तर त्याच्या मूळ राज्याचा परवाना त्या कामापुरता मान्य करणे राज्यावर बंधनकारक आहे. यासाठी राज्याने अवास्तव शुल्क घेऊ नये आणि जाचक अटी घालू नयेत, असेही कायदा सांगतो. अवास्तव म्हणजे किती, हे ठरविण्याचा अधिकार सबकमिटीला आहे. तिने आपल्या धोरणात ते आकड्यांनिशी मांडले. शुल्क २५० डॉलरपेक्षा अधिक नको. परिपूर्ण अर्ज हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत परवाना दिला गेला पाहिजे. तो किमान सहा महिने चालला पाहिजे आणि साध्या विनंतीवर निदान एकदा वाढवून मिळाला पाहिजे. मूळ राज्याकडून चांगल्या वर्तनाचा दाखला आणा, असे सांगून अर्जदाराला हेलपाटे घालायला लावणे राज्यांना मना आहे. ती माहिती राष्ट्रीय नोंदवहीत असते, तेथे राज्यानेच पाहावी.

हा परवाना व्यक्तीला नव्हे, तर एका कामाला दिला जातो. येथे काम म्हणजे एक करार. एका बँकेने एकाच कराराखाली ओहायोतील पाच गोदामांचे मूल्यांकन सोपविले तर एक परवाना पुरतो. त्याच करारात इंडियानातील दोन गोदामे असतील तर इंडियानाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे तात्पुरता परवाना प्रामुख्याने मोठ्या व्यापारी मालमत्तांच्या, म्हणजे हॉटेले, मॉल, रुग्णालये यांच्या मूल्यांककांच्या उपयोगाचा आहे. एका घराच्या मूल्यांकनासाठी सहसा काहीशे डॉलरच मिळतात. त्यातून २५० डॉलर परवान्यावर खर्च करून आठवडाभर वाट पाहणे साध्या घरांच्या मूल्यांककाला परवडत नाही. कागदावर सर्वांना खुला असलेला हा दरवाजा व्यवहारात बड्यांपुरताच उघडतो, हे मान्य करावे लागेल.

आणखी एक खोच आहे. कायद्याने दिलेली ही हमी केवळ संघीय नियमनाखालील व्यवहारांपुरती आहे. घटस्फोटातील वाटणी, वारसाहक्क, मालमत्ता करावरील तक्रार किंवा न्यायालयातील साक्ष यांसाठी मूल्यांकन हवे असेल, तर ती लागू होत नाही. अशा कामांना परवाना लागतो की नाही, हेदेखील राज्यागणिक बदलते. काही राज्यांत कोणत्याही कारणासाठी केलेल्या मूल्यांकनाला परवाना सक्तीचा आहे, तर काहींत तो बँकांच्या कर्जापुरताच आहे. भावंडांच्या वाटणीसाठी शेजारच्या राज्यातील ओळखीचा मूल्यांकक नेमण्यापूर्वी तेथील मंडळाकडे चौकशी केलेली बरी.

परस्पर मान्यता

ज्याला शेजारच्या राज्यात वारंवार काम करायचे आहे, त्याच्यासाठी दुसरा मार्ग सोयीचा. मूळ परवान्याच्या आधारे दुसऱ्या राज्याचा स्वतंत्र, पूर्ण परवाना मिळविणे म्हणजे परस्पर मान्यता. १९९० च्या दशकात सबकमिटी राज्यांना असे करार करण्याचे केवळ आवाहन करू शकत होती. परिणामी राज्याराज्यांत वेगवेगळ्या करारांचे जाळे विणले गेले. एका शेजाऱ्याशी करार, दुसऱ्याशी नाही, असा प्रकार होता.

२००८ च्या गृहकर्ज संकटानंतर चित्र बदलले. जुलै २०१० मध्ये संमत झालेल्या डॉड-फ्रँक कायद्याने आवाहनाची जागा सक्तीला दिली. एखाद्या राज्याचे परस्पर मान्यतेचे धोरण नसेल, तर त्या राज्याच्या परवानाधारकांना संघीय नियमनाखालील व्यवहारांचे मूल्यांकनच करता येणार नाही, अशी तरतूद झाली. शिक्षा बाहेरून येणाऱ्याला नव्हे, तर दार बंद ठेवणाऱ्या राज्याच्या स्वतःच्या मूल्यांककांना! ही युक्ती लागू पडली. दोन अटी मात्र राहिल्या. अर्जदाराच्या मूळ राज्याची परवाना व्यवस्था संघीय कायद्याला धरून असली पाहिजे. शिवाय, मूळ राज्याच्या पात्रतेच्या अटी नव्या राज्याच्या अटींइतक्या किंवा त्यांहून अधिक कडक असल्या पाहिजेत. या अटी पूर्ण झाल्यास पुन्हा परीक्षा द्या किंवा अनुभव नव्याने सिद्ध करा, असा अडथळा राज्याला आणता येत नाही.

दुसऱ्या अटीचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. किमान निकषांवर समाधान मानणाऱ्या राज्यातील मूल्यांकक आपल्यासारख्याच राज्यांत सहज जातो. कडक अटी असलेल्या राज्याच्या दाराशी मात्र त्याला अडविले जाऊ शकते. राज्याने स्वतःच्या रहिवाशांसाठी उभारलेली कडक पात्रता अशा रीतीने बाहेरच्यांविरुद्धची भिंतही ठरू शकते. ती गुणवत्तेसाठी आहे की धंदा राखण्यासाठी, हा वाद जुनाच आहे.

परवाना मिळाल्यानंतरचा व्याप वेगळाच. तीन राज्यांत काम करणाऱ्याला तीन शुल्के, नूतनीकरणाच्या तीन तारखा आणि तीन मंडळांचे नियम सांभाळावे लागतात. किमान निकषानुसार दोन वर्षांत २८ तासांचे निरंतर शिक्षण हवे. त्यात मानकांचा सात तासांचा अद्ययावत अभ्यासक्रम सक्तीचा आहे. मूल्यांकनातील पक्षपात आणि समन्यायी गृहनिर्माण कायदे या विषयावरील अभ्यासक्रमही १ जानेवारी २०२६ पासून किमान निकषांत आला. याखेरीज प्रत्येक परवान्यामागे राष्ट्रीय नोंदवहीचे वार्षिक शुल्क असतेच. डॉड-फ्रँक कायद्याने ते २५ वरून ४० डॉलर केले.

एका राज्यात शिस्तभंगाची कारवाई झाली की ती नोंदवहीत उमटते आणि इतर राज्यांना दिसते. परवाना निलंबित झालेला माणूस शेजारच्या राज्यात जाऊन नव्याने दुकान थाटतो, ही पूर्वीची पळवाट त्यामुळे बरीचशी बुजली. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या मूल्यांककानेही यजमान राज्याचा शिस्तविषयक अधिकार मान्य केलेला असतो. तक्रार आली तर ते राज्य त्याची चौकशी करू शकते.

परवाना आहे, माहिती आहे का?

परवाना हातात असणे आणि तेथील बाजार ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टेक्सासचे उदाहरण बोलके आहे. तेथे घर किती रकमेला विकले गेले, हे सरकारदरबारी जाहीर करण्याचे बंधन नाही. शेजारपाजारच्या व्यवहारांचे खरे आकडे स्थानिक दलालांच्या माहितीजालातून किंवा ओळखीपाळखीतून मिळवावे लागतात. दुसऱ्या राज्यातून दोन दिवसांसाठी आलेल्या मूल्यांककाला ते मिळतीलच असे नाही. पुराचा पट्टा, शाळांचे विभाग, खनिज हक्क, विहिरीच्या पाण्याचा हक्क असे किमतीवर परिणाम करणारे घटकही राज्यागणिक बदलतात.

व्यवसायाच्या मानकांत यासाठी सक्षमतेचा नियम आहे. एखाद्या भागाची किंवा मालमत्तेच्या प्रकाराची पुरेशी माहिती नसेल, तर मूल्यांककाने काम घेण्यापूर्वी तसे सांगावे, सक्षम होण्यासाठी आवश्यक ती पावले उचलावीत आणि अहवालात ते नमूद करावे; अन्यथा काम नाकारावे. नियम चांगला आहे, पण त्याची अंमलबजावणी बव्हंशी मूल्यांककाच्या सचोटीवर अवलंबून राहते. बँक आणि मूल्यांकक यांच्यामध्ये काम वाटून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्यावरही राज्यांची नोंदणी आणि देखरेख डॉड-फ्रँक कायद्याने आणली. तरीही लवकर आणि स्वस्तात काम करणाऱ्याकडे ओढा राहण्याची भीती मूल्यांकक बोलून दाखवितात.

दुसऱ्याने केलेल्या अहवालाची कार्यालयात बसून तपासणी करणाऱ्यांचा प्रश्नही असाच नाजूक. अहवाल मानकांनुसार आहे की नाही एवढेच सांगायचे असेल, तर अनेक राज्ये परवाना मागत नाहीत. तपासणाऱ्याने 'माझ्या मते किंमत अमुक' असे लिहिले, की ते मूल्यांकन ठरते आणि मालमत्तेच्या राज्याचा परवाना लागू शकतो. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, घरात न जाता छायाचित्रे आणि नोंदींवरून मूल्यांकन करण्यास मोठ्या प्रमाणावर परवानगी मिळाली. पुढे काही प्रकारच्या कर्जांसाठी ही पद्धत कायम झाली. खुर्चीवरून न उठता काम झाले म्हणून परवान्याची अट मात्र सुटत नाही.

माणूसच मिळेना

नियम कितीही नेटके असले तरी विरळ वस्तीच्या राज्यांत मूल्यांककच मिळत नाहीत, ही वेगळी व्यथा आहे. नॉर्थ डाकोटाने याच कारणासाठी सबकमिटीकडे सवलत मागितली. २०१९ मध्ये त्या राज्याला एक वर्षासाठी परवान्याच्या सक्तीतून सूट देण्यात आली. पाच लाख डॉलरपेक्षा कमी रकमेचे निवासी आणि दहा लाखांपेक्षा कमी रकमेचे शेती व व्यापारी व्यवहार तिच्या कक्षेत होते. या निर्णयाला मूल्यांककांच्या संघटनांनी विरोध केला. टंचाई नाही, मोबदला अपुरा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

त्याआधी २०१८ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी एक वाट काढली. चार लाख डॉलरपेक्षा कमी रकमेच्या व्यवहारात बँकेने किमान तीन मूल्यांककांशी संपर्क साधूनही वाजवी मुदतीत व मोबदल्यात कोणी उपलब्ध झाले नाही आणि तशी नोंद ठेवली, तर काही अटींवर मूल्यांकनाशिवाय कर्ज देता येते. बँकांच्या नियामकांनीही २०१९ मध्ये निवासी व्यवहारांसाठी सक्तीच्या मूल्यांकनाची किमान मर्यादा अडीच लाखांवरून चार लाख डॉलरवर नेली. या मर्यादेखाली साधे मूल्यमापन पुरते आणि ते करणाऱ्याला राज्याचा परवाना लागत नाही. १९८९ मध्ये ज्या सैलपणामुळे कायदा आणावा लागला, त्याच दिशेने हे पाऊल असल्याचा इशारा काही जणांनी तेव्हाच दिला होता.

बदलीवर जाणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांना जानेवारी २०२३ मध्ये दिलासा मिळाला. लष्करी आदेशाने दुसऱ्या राज्यात जावे लागलेल्या सैनिकाचा किंवा त्याच्या जोडीदाराचा व्यावसायिक परवाना, नव्या राज्याच्या मंडळाकडे आवश्यक कागद दिल्यास, त्या नियुक्तीच्या काळापुरता तेथे वैध मानला जातो.

भारतात घडण वेगळी आहे. कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये आलेल्या नियमांनुसार 'भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळा'कडे होणारी मूल्यांककांची नोंदणी देशभर चालते. राज्याची सीमा तिला आडवी येत नाही. गृहकर्जासाठी मात्र प्रत्येक बँक आपली स्वतंत्र यादी ठेवते. मालमत्ता कर्जासाठी नेमके कोणी मूल्यांकन करावे, याचा अमेरिकेसारखा एकच सर्वव्यापी कायदा येथे नाही.

अमेरिकेत घर घेणाऱ्याला स्वतः करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. २०१४ पासून लागू असलेल्या नियमानुसार, राहत्या घरावरील पहिल्या तारणाच्या कर्जासाठी केलेल्या मूल्यांकनाची प्रत कर्जाचा व्यवहार पुरा होण्याच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी अर्जदाराला मिळाली पाहिजे. अहवालात सहीजवळ परवान्याचा क्रमांक, राज्य आणि मुदत संपण्याची तारीख दिलेली असते. राज्य घराचेच आहे ना आणि सहीच्या दिवशी मुदत शिल्लक होती ना, हे आधी पाहावे. नंतर सबकमिटीच्या राष्ट्रीय नोंदवहीत ते नाव संगणकावर विनामूल्य शोधता येते. परवाना चालू आहे की निलंबित, हे तेथे दिसते. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्याचे नाव यजमान राज्याच्या यादीत सापडले नाही, तर त्या राज्याच्या मंडळाकडे दूरध्वनीने खात्री करून घेता येते.